हेडचा वाकडेपणा

जुन्या गाडीला हेड गॅस्केट कोणतं बसवावं हा बायकांचा विषय नाही, असं मला या मे महिन्यात दिग्रसमधल्या निदान अकरा पुरुषांनी सांगितलं. त्यातल्या नऊ जणांकडे गाडी नव्हती. दहाव्याकडे होती, पण ती त्याचा मेहुणा वापरत होता. आणि अकरावे आमचे हे, म्हणजे धम्मरत्न मुनेश्वर, पंचायत समितीत वरिष्ठ सहायक. यांना गाडी चालवता येत नाही. तरी गाडीबद्दल काहीही सांगायचं झालं की सगळं गाव माझ्या डोक्यावरून यांच्याकडे बघूनच सांगतं.

गाडी माझी आहे. आरसी बुकावर नाव माझं आहे. १९९९ चं मॉडेल, पांढरी, चौकोनी. कंपनीचं नाव सांगत नाही. त्या लोकांनी ती बनवणं कधीच सोडलं, आता कशाला त्यांच्या जुन्या आठवणी जाग्या करा. मी इथल्या एका शाळेच्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा सहायक आहे. म्हणजे मुलांच्या हातात स्क्रू गेज देते आणि तास संपला की मोजून परत घेते. चोवीस वर्षांत एकही स्क्रू गेज हरवला नाही. मुलं मोठी झाली, काही तर नगरसेवक झाली, पण स्क्रू गेज तेवढेच आहेत.

तर आर्णीहून परत येत होतो. मागच्या सीटवर शेजारचे डोमाजी काका होते. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, त्यामुळे जगातल्या कोणत्याही गळतीवर पहिलं मत आपलं, असं ते मानतात.

"पोरी, मांगून पांढरा धूर निंगून राह्यला," ते म्हणाले.

मी आरशात पाहिलं. खरंच निघत होता.

"थंडीची वाफ असन," काकांनी निकालही देऊन टाकला.

मे महिना, दुपारचे दोन, आणि थंडीची वाफ! पण मोठ्या माणसाला मी उलट बोलत नाही. निदान चालत्या गाडीत तरी नाही.

घरी येऊन पाहिलं तर रेडिएटर दोन बाटल्या पाणी प्यायला आणि खाली जमिनीवर थेंब नाही. ऑइलचं झाकण काढलं तर आत ताकाची कढी. मी समजले, ऑइलमध्ये पाणी शिरलंय. इंजिनाचा ब्लॉक आणि त्याच्यावर बसलेलं हेड यांच्यामध्ये एक पातळ पत्र्यासारखी वस्तू असते. पाणी, ऑइल आणि आग या तिघांना ती एकमेकांपासून दूर ठेवते. तिला गॅस्केट म्हणतात, मिस्तरी लोक पॅकिंग म्हणतात. एकत्र कुटुंबात हे काम एखादा मवाळ माणूस करतो, आणि तोच आधी फाटतो.

एरवी मी सावकाश पाहिलं असतं. पण गाडीला पंचवीस वर्षं होत होती आणि नोंदणीची मुदत सत्तावीस तारखेला संपणार होती. यवतमाळला आरटीओच्या पासिंगसाठी चोवीस तारीख मिळाली होती, तीही सहजासहजी नाही. आरसीवर माझ्या नावात इंग्रजी दोन 'ई' आहेत आणि आधारवर एक 'आय', त्यामुळे संगणकाच्या मते या दोन वेगळ्या बायका होत्या. एकीच्या गाडीसाठी दुसरी का धडपडते, हे त्याला पटवण्यात माझा आठवडा गेला होता. आता तारीख चुकली तर गाडी भंगारात जाणार. हातात एकोणीस दिवस होते.

"हयद टाका," डोमाजी काका कुंपणावरून म्हणाले. "रेडिएटरमंदी चिमूटभर हयद. गयती बंद. आमी कालव्याले बी हाच नियम लावत होतो."

कालव्यात हळद टाकत होते की काय, हे मी विचारलं नाही. मी नको म्हणून आत गेले. पण आमचे हे सरकारी माणूस. मंजूर तरतूद शिल्लक ठेवणं यांच्या स्वभावात नाही. यांनी मला न सांगता डब्यातली पाव किलो हळद रेडिएटरमध्ये रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी पुसद रोडवरच्या भीमसिंग मिस्तरीच्या गॅरेजकडे काढली. ऐन चौकात इंजिन तापलं, रेडिएटरचं झाकण उडालं आणि बॉनेटच्या फटींतून पिवळी कारंजी सुरू झाली. हे पांढरा शर्ट घालून बॉनेट उघडायला उतरले आणि डोक्यापासून पायापर्यंत नवरदेव झाले. वास असा सुटला, की मांडवच घातलाय.

"हयद कोनाची हाय ताई?" चहावाल्यानं विचारलं.

आणि एका बाईनं यांच्याकडे नीट निरखून पाहत "या वयात?" असं म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं.

गाडी ढकलत गॅरेजमध्ये नेली. भीमसिंग राठोड हा आमच्या भागातला नावाजलेला मिस्तरी. त्यानं दुपारपर्यंत हेड उतरवलं, फाटकं पॅकिंग दोन बोटांत धरून यांच्यापुढे नाचवलं आणि म्हणाला, "साहेब, पॅकिंग गेलं. मले विचारान त गाडी भंगारात देऊन टाका. पंचवीस वर्सं झाली. मानूस बी रिटायर होते."

"मी अजून झाले नाही," मी म्हटलं. गाडीची किल्ली माझ्या हातात होती.

"न्हाई त लोकल पॅकिंग टाकतो साहेब, वरून शिलंटचा चिकट थर लावतो. दोन घंट्याचं काम."

"हेड सपाट आहे का?" मी विचारलं.

त्यानं हेडवरून अंगठा फिरवला. "एकदम गुयगुयीत, साहेब."

"गुळगुळीत वेगळं आणि सपाट वेगळं. टक्कलही गुळगुळीत असतं, पण त्यावर पाट ठेवता येतो का?"

आमच्या मागोमाग पाहणीला आलेल्या डोमाजी काकांनी टोपी नीट केली. माझा तसा काही हेतू नव्हता.

हेड तापून वाकलेलं असेल, तर त्यावर सोन्याचं गॅस्केट ठेवलं तरी ते महिन्याभरात फाटतं. आधी वाकडेपणा मोजायला हवा. त्यासाठी एक अगदी सरळ पट्टी लागते, आणि तशी स्टीलची पट्टी अख्ख्या दिग्रसमध्ये एकाच ठिकाणी होती, माझ्या प्रयोगशाळेत, माझ्याच कपाटात. पण शाळेची वस्तू विनापरवानगी नेणारी मी नव्हे. सुट्ट्या असल्या तरी ऑफिस सुरू होतं. मी रीतसर अर्ज दिला: "हेडचा वाकडेपणा मोजण्यासाठी प्रयोगशाळेतील स्टीलची पट्टी दोन दिवसांकरिता मिळावी, ही विनंती."

अर्ज देऊन मी घरी पोचले नाही तोच मुख्याध्यापकांचा फोन आला.

"मॅडम, माझ्यात काय वाकडेपणा दिसला तुम्हाला?"

मला आधी काही कळलंच नाही. मग एकदम कळलं. तोवर कारकुनानं त्या अर्जाचा फोटो स्टाफच्या ग्रुपवर टाकला होता आणि गणिताच्या सरांनी "पट्टी पुरेल का?" असं खाली लिहिलं होतं.

"सर, इंजिनचं हेड," मी म्हटलं.

"मग तसं लिहायचं ना!"

मी तसं लिहिलं. त्यावर लाल शाईत शेरा आला: "शाळेकडे इंजिन नाही. खुलासा करावा." मी खुलासा केला. त्यावर "खुलाशात हेडची मालकी स्पष्ट होत नाही" असा दुसरा शेरा आला. चौथ्या दिवशी मी शेवटचा कागद दिला: "सदर इंजिन माझे वैयक्तिक असून त्याचे हेडही वैयक्तिक आहे. शाळेच्या हेडच्या आकाराबाबत माझी कोणतीही तक्रार नाही." मंजुरी मिळाली. चार दिवस गेले, पण पट्टी कायदेशीर मार्गानं बाहेर आली.

गॅरेजमध्ये मी हेड पुसून फळीवर ठेवलं आणि त्यावर तिरपी पट्टी धरली. मिस्तरी लोकांकडे फिलर गेज असतो, पातळ पत्त्यांचा जुडगा, प्रत्येक पत्तीची जाडी ठरलेली. पुस्तकाप्रमाणे पट्टीखाली जास्तीत जास्त पाच शतांश मिलिमीटरची पत्ती जायला चालते. भीमसिंग उकिडवा बसून बघत होता. मी पाचची पत्ती सरकवली, गेली. दहाची सरकवली, गेली. पंधराचीही गेली. पट्टीखालून पलीकडचा उजेड दिसत होता.

"याडी ये!" भीमसिंगला त्याच्या बोलीतली आई आठवली. मग तो उठून यांना म्हणाला, "साहेब, मॅडम बराबर बोलून राह्यल्या."

मॅडम तिथंच, हातभर अंतरावर उभ्या होत्या.

हेड यवतमाळच्या वर्कशॉपला फेस मारायला, म्हणजे मशीनवर सपाट करून घ्यायला धाडलं आणि मी गॅस्केट घ्यायला लखीराम शेठच्या दुकानात गेले. आमच्या अख्ख्या तालुक्याचे स्पेअर पार्ट त्यांच्याकडून जातात. शेठनी दोन डबे ठेवले. एकावर 'ओरिजिनल' हा शब्द दोन चुका करून छापला होता. ते गॅस्केट मी बाहेर काढलं, पर्समधून स्क्रू गेज काढला आणि जाडी मोजली. हा स्क्रू गेज माझा स्वतःचा आहे, अर्ज लागत नाही. एका टोकाला एक पूर्णांक दोन दशांश मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला एक पूर्णांक चार.

"बाई, हे सोनाराचं दुकान नाही," शेठ म्हणाले.

"सोनाराकडे मी इतकं मोजतही नाही. सोनं फाटलं तर गाडी बंद पडत नाही."

दुसऱ्या डब्यात सगळ्यांत महागडं होतं, स्टीलच्या पातळ थरांचं. दुकानातली चार गिऱ्हाइकं, आमचे हे आणि डोमाजी काका या सगळ्यांचं एकमत झालं: महाग तेच घ्या. भारतात एकमत इतक्या सहज दुसऱ्या कशावर होत नाही.

"नको," मी म्हटलं.

"काहून नोको?" काका.

"स्टीलला खालीवर दोन्हीकडे आरशासारखा सपाट पृष्ठभाग लागतो. हेड आपण मशीनवर घासून घेतोय, पण ब्लॉक गाडीतच आहे. त्यावर पंचवीस वर्षांचे बारीक ओरखडे आहेत. स्टील तिथं अडून राहील, ओरखडा भरून काढणार नाही. आपल्याला ग्रॅफाइटचं पाहिजे. ते दाबलं की थोडं बसतं आणि ओरखडे भरतं. फक्त सिलिंडरच्या भोकांना आगीसाठी धातूची कड असली पाहिजे."

"तांब्याचं घ्या," काका म्हणाले. "तांब्याचं पानी आंगाले बी चांगलं."

शेठनी यांच्याकडे पाहिलं. यांनी छताकडे पाहिलं. शेवटी शेठ म्हणाले, नागपूरहून मागवतो.

पार्सल यायला सहा दिवस लागले. त्यातले दोन दिवस ते पुसदला जाऊन आलं, कशासाठी ते त्यालाच ठाऊक. उघडलं तर कोणीतरी बॉक्समध्ये मावावं म्हणून गॅस्केट मधोमध दुमडलेलं, पापडासारखं. घडीवर ग्रॅफाइटला भेग.

"काही नाही होत," शेठ म्हणाले. "हातोडीनं सरळ करा."

"गादीखाली ठेवू रात्रभर," हे म्हणाले. "मी त्यावर झोपतो." हा त्याग होता, मला कळत होतं. चार दिवस उरले होते, आणि हे मनापासून बोलत होते.

खरं सांगते, त्या क्षणी माझंही मन डगमगलं. बसवून टाकावं, पासिंगपुरतं तर चालेल, पुढचं पुढे. घरी जाताना मी गॅरेजमध्ये गाडीजवळ गेले. हेड नसलेलं इंजिन, उघड्या तोंडाचे सिलिंडर, वर झाकलेलं फडकं. या गाडीत मी बाळंतपणाला एकटी स्वतः चालवत गेले आहे. तिच्यात मोडकं काही घालायचं नाही, असं मी ठरवलं आणि शेठचं पार्सल परत केलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं यवतमाळला गेलो. वर्कशॉपमधून हेड घेतलं. तीन दुकानं पालथी घातली. तिसऱ्या दुकानात पाहिजे ते मिळालं: ग्रॅफाइटचं, धातूच्या कडांचं, चारही कोपऱ्यांत एक पूर्णांक दोन. जुनं फाटकं गॅस्केट त्यावर ठेवून एक एक भोक जुळवलं. दुकानदार वैतागून चहा पिऊन आला तरी माझी भोकं संपली नव्हती. मग ते दोन प्लायवूडच्या मध्ये ठेवलं, वर पांढरं कापड बांधलं आणि परतीच्या बसमध्ये मांडीवर उभं धरून बसले.

शेजारच्या म्हातारीनं कापडाकडे पाहून हात जोडले. पदर डोळ्याला लावला. "कोन गेलं माय?"

काय सांगणार! "जुनं होतं," मी म्हटलं.

"कायनं गेलं?"

"तापानं."

तिनं मला खिडकीची जागा दिली. तेवढ्यात कंडक्टर आला. यांच्या पायाशी गोणी होती, तिला त्यानं बुटानं टोकरलं. "गोनीत काय हाय?"

आमचे हे खोटं बोलू शकत नाहीत. "हेड," ते म्हणाले.

"काय?"

"हेड. हिच्या जुन्याचं."

म्हातारीनं माझ्या मांडीवरच्या पांढऱ्या कापडाकडे पाहिलं, मग गोणीकडे पाहिलं आणि दारव्ह्याला उतरून गेली. तिला दिग्रसला जायचं होतं, हे तिनंच मघाशी सांगितलं होतं.

बावीस तारखेला बसवायला घेतलं. ब्लॉक मी स्वतः पुसला, बोल्टच्या भोकांतलं पाणी चिंध्यांनी टिपलं. शिलंटची ट्यूब भीमसिंगच्या हातातून काढून घेतली. मग बोल्ट कसायची वेळ आली. त्यानं मोठा पाना उचलला.

"टॉर्क पाना," मी म्हटलं. तो मी ट्रॅक्टरच्या सर्व्हिस सेंटरमधून मागून आणला होता. ठरलेल्या जोराला पोचलं की कट्ट वाजतो.

"मॅडम," भीमसिंगचा आवाज चढला. पहिल्यांदाच तो थेट माझ्याशी बोलला, तोही भांडायला. "बावीस वर्सं झाली मले. मले हाताचा अंदाज हाय!"

"तुमचा हात सकाळी वेगळा असतो आणि जेवल्यावर वेगळा. बोल्टला ते कळत नाही."

"मंग तुमीच कसा!"

"बरं," मी म्हटलं.

तो रागानं चहाला निघून गेला. मी ओढणी कमरेला बांधली. आमच्या ह्यांनी कागदावर बोल्टांचे क्रमांक लिहिले, मधून सुरुवात करून बाहेर जायचं, तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीत जोर थोडा जास्त. मी कसायची आणि हे टिक करायचे. पंचायत समितीत तीस वर्षं यांनी हेच केलंय, पण इतक्या तन्मयतेनं टिक करताना मी यांना प्रथमच पाहिलं. बाहेर गर्दी जमली. "बाई पाना मारून राह्यली," असं एकानं फोनवर कोणाला तरी सांगितलं, जणू बिबट्या आला. दुसऱ्या फेरीनंतर भीमसिंग परत आला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. तिसरी संपली, मी पाना खाली ठेवला.

"आठ नंबर राह्यला," तो म्हणाला.

"झाला," हे म्हणाले. "टिक आहे."

"साहेब, सातले दोन टिका हायेत. म्या कट्ट मोजले."

मी आठवर पाना लावला. तो पाव आटा फिरला आणि मग कट्ट झालं. भीमसिंगचं बरोबर होतं. मी त्याला तसं सगळ्यांसमोर सांगितलं. उरलेले सगळे पाइप त्यानं स्वतः जोडले, आणि असे जोडले की मला बोट दाखवायला जागा राहिली नाही.

संध्याकाळी पाच वाजता किल्ली फिरवली. इंजिन लागलं. आणि सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा लोट निघाला.

"गेलं!" डोमाजी काका म्हणाले. लखीराम शेठ मुद्दाम दुकान बंद करून आले होते, त्यांनी हसू मिशीत ठेवलं. कोणीतरी म्हणालं, "म्हनूनच म्हनतो, बायकांनी..."

"सायलेन्सरमधलं जुनं पाणी आहे," मी म्हटलं. "कोणीही इंजिन बंद करायचं नाही."

मी घड्याळ पाहत उभी राहिले. चार मिनिटं झाली, सहा झाली. हे माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, हातात तो टिकांचा कागद घट्ट धरून. नवव्या मिनिटाला धूर विरळ झाला. तेराव्याला सायलेन्सरच्या पलीकडची भिंत स्वच्छ दिसू लागली. भीमसिंगनं सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला, पाहिला, हुंगला.

"कोरडा," तो म्हणाला. आणि सगळ्यांना सोडून, यांनाही सोडून, माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, फिरवून आना."

चोवीस तारखेला यवतमाळला आम्ही दहाच्या आधी पोचलो. तापमानाचा काटा सगळ्या रस्त्यात मध्यावर, जागचा हलला नाही. पासिंगच्या मैदानात माझ्या मागे टिप्परची रांग होती. निरीक्षक साहेब तरुण होते. त्यांनी चेसिस नंबर पाहिला, दिवे पाहिले, हॉर्न वाजवायला लावला, धुराची चाचणी झाली, मागे लाल पट्टी नीट चिकटली आहे का ते नखानं खरवडून पाहिलं आणि सही करायला पेन काढलं.

"बॉनेट?" मी म्हटलं.

"गरज नाही मॅडम. झालं."

झालं? एकोणीस दिवस, चार अर्ज-खुलासे, चार दुकानं, एक बस आणि एक म्हातारी, आणि झालं? "गरज आहे," मी म्हटलं आणि बॉनेट उघडलं. "पाहा. ग्रॅफाइटचं आहे. हेड सपाट केलंय. बोल्ट तीन फेऱ्यांत कसलेत."

मागचे टिप्पर एकदम हॉर्न वाजवू लागले. साहेबांनीही सगळ्यांसारखंच यांच्याकडे पाहिलं. "साहेब, सांगा ना यांना."

"मी फक्त टिका केल्या," हे म्हणाले. "त्यातली एक चुकली. गाडी त्यांची आहे, त्यांच्याशी बोला."

निरीक्षक साहेब आले. वाकले. इंजिनाकडे पाहिलं, आवाज ऐकला. मी ऑइलचं झाकण काढून दाखवलं, मधासारखं स्वच्छ. त्यांनी बोट लावून पाहिलं आणि शर्टाला लागू नये म्हणून हात लांब धरून उभे राहिले. मी त्यांना फडकं दिलं.

"चांगलं केलंय," ते म्हणाले आणि सही केली. कागद देताना समजुतीच्या सुरात बोलले, "पाच वर्षांचं मिळालं मॅडम. पण आता बस झालं. पुढच्या वेळी ही आणू नका, तोवर नवीन घेऊन टाका."

मी बॉनेट लावलं, दोन्ही हातांनी दाबून.

"साहेब, पाच वर्षांत तुमची बदली होईल," मी म्हटलं. "नव्या साहेबांना चार्ज देताना तेवढं सांगून जा, मुनेश्वर मॅडम येतील. आणि बॉनेट पाहावंच लागतं."